पॅनिकल हायड्रेंजिया: थंडीच्या गावात हमखास फुलणारं झुडूप, खड्ड्यापासून छाटणीपर्यंत

शिकागोच्या आसपास राहणाऱ्या बहुतेक मराठी घरांची हायड्रेंजियाची गोष्ट एकसारखीच असते. मे महिन्यात मदर्स डेच्या आठवड्यात ग्रोसरीच्या दारातच निळ्या-गुलाबी गोल गुच्छांच्या कुंड्या मांडलेल्या असतात, चकचकीत कागद गुंडाळलेल्या, आपण गेलेलो असतो कोथिंबीर आणायला आणि घरी येतो कुंडी घेऊन. महिनाभर टेबलावर मिरवून झाली की ती अंगणात लावायची. पुढच्या वर्षी पानं. त्याच्या पुढच्या वर्षी परत पानं. हिरवीगार, भरघोस, आणि फूल म्हणाल तर एक नाही. मी चार वर्षं अशी पानं पाळली. खत घातलं, कॉफीचा चोथा घातला, कोणीतरी सांगितलं म्हणून गंजके खिळेसुद्धा पुरले.

दोष माझा नव्हता आणि खिळ्यांचाही नव्हता. ती निळी हायड्रेंजिया, म्हणजे मॅक्रोफायला, पुढच्या उन्हाळ्याच्या कळ्या आदल्या वर्षीच उन्हाळा संपता संपता जुन्या फांद्यांवर तयार करून ठेवते आणि आमच्याकडचा जानेवारी त्या कळ्या मारून टाकतो. मूळ जिवंत राहतं, खालून नवी पानं येतात, पण फुलं कुठून येणार? पॅनिकल हायड्रेंजियाचं गणित उलटं आहे. ती त्याच वर्षी वसंतात फुटलेल्या नव्या फांदीवर फुलते, त्यामुळे हिवाळ्यात फांदीचं टोक मेलं, सशाने खाल्लं, कोणी चुकून छाटलं, तरी त्या उन्हाळ्यात फुलं येतातच. ३० जानेवारी २०१९ ला ओहेअर एअरपोर्टवर उणे २३ फॅरनहाइट झालं होतं, म्हणजे उणे ३० सेल्सिअसच्याही खाली, आम्ही दोन दिवस दार उघडलं नव्हतं. त्या वर्षी माझी लाइमलाइट, ही पॅनिकलचीच एक जात, जुलैअखेरीला नेहमीसारखी फुलली, जणू काही झालंच नाही.

आधी एक स्पष्ट सांगते, कारण हा प्रश्न पुण्याहून हमखास येतो: हे झाड पुण्या-मुंबईत लावायच्या भानगडीत पडू नका. याला हिवाळ्यात पानं झाडून सरळ थंडीची झोप लागते, आणि उन्हाळ्याच्या रात्री जरा गार लागतात. उटी-दार्जिलिंगला दिसते ती बहुतेक निळी मॅक्रोफायला, ती वेगळी. पॅनिकल आहे ती अमेरिकेतल्या झोन ३ ते ८ वाल्यांसाठी (हिवाळा किती कडक यावरून तिथे पाडलेले विभाग, आकडा लहान तेवढी थंडी जास्त), म्हणजे मिनियापोलिस, शिकागो, डेट्रॉइट, बॉस्टन, न्यू जर्सी वगैरे. टोरंटो, लंडन, जर्मनीवाल्यांनाही चालते. ह्यूस्टनवाल्यांनी मोगरा लावावा आणि आम्हाला जळवावं.

झाडाचं शास्त्रीय नाव हायड्रेंजिया पॅनिक्युलाटा. मूळ जपान, चीन आणि रशियाचं साखालिन बेट. सीबोल्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने जपानात राहून तिथल्या वनस्पतींचा अभ्यास केला, त्याने १८२९ मध्ये याला हे नाव दिलं. जपानीत याला म्हणतात नोरी-उत्सुगी, त्यातलं नोरी म्हणजे खळ. सालीच्या आतला चिकट पदार्थ तिकडे हाताने कागद बनवताना लगद्यात घालतात. आपण शोभेचं झाड म्हणून कौतुक करतो ते तिकडे कागदवाल्यांच्या कामाचं झाड आहे हे मला फार आवडलं. ओळखायची खूण सोपी: फूल गोल नाही, शंकूसारखं निमुळतं, आणि फांदीवर बऱ्याच ठिकाणी एका पेरावर तीन-तीन पानं. निळी वाली नेहमी दोन-दोन. नर्सरीत लेबल हरवलेली कुंडी असेल तर आधी पानं मोजा.

आणि रंगाचं एकदाच सांगून टाकते. पॅनिकल निळी होत नाही. माती आंबट करा, अल्युमिनियम घाला, काहीही करा. ती पांढरी किंवा फिकट पोपटी उघडते आणि पुढे रात्री गार व्हायला लागल्या की गुलाबी, मग लालसर, शेवटी बदामी होते. त्यामुळे मातीच्या पीएचच्या मागे लागायचं कारण नाही.

व्हरायटी निवडताना

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, खड्डा खणायच्या आधीच. नर्सरीत तीन गॅलनच्या कुंडीत सगळी रोपं सारखीच दिसतात, गुडघ्याएवढी, गोंडस. त्यातलं एक अडीच फुटांवर थांबणार असतं आणि शेजारचं आठ फूट होणार असतं. मी २०१६ मध्ये पहिली लाइमलाइट घेतली आणि दिवाणखान्याच्या खिडकीखाली, भिंतीपासून दोन फुटांवर लावली. लेबलवर लिहिलेलं होतं सहा ते आठ फूट, मी म्हटलं छाटू की. तिसऱ्या वर्षी खिडकीतून रस्ता दिसेना, सासूबाई भारतातून आल्या होत्या त्या म्हणाल्या, "अगं, ही घरात यायला बघतेय." शेवटी २०२० च्या एप्रिलमध्ये दोघांनी मिळून अख्खा दिवस घालवून ती उपटून मागे नेली. पाठ अजून आठवण काढते.

तर मोठ्या जागेसाठी, कुंपणाच्या कडेला, शेजाऱ्याचा ट्रॅम्पोलिन दिसू नये म्हणून वगैरे: लाइमलाइट. हॉलंडमधल्या बॉस्कोप गावात तयार झालेली जात, पोपटी-पांढरे गच्च शंकू, सहा ते आठ फूट उंच आणि जवळजवळ तेवढीच रुंद. एकच घ्यायची असेल आणि जागा असेल तर हीच घ्या. पिंकी विंकीचे शंकू लांब असतात, खालून गुलाबी होत जातात आणि टोक पांढरं राहतं, दुरंगी दिसतं. क्विक फायर बाकीच्यांपेक्षा जवळजवळ महिनाभर आधी फुलते, आमच्याकडे जूनअखेर. व्हॅनिला स्ट्रॉबेरी फोटोत सगळ्यात सुंदर दिसते. फोटोत. माझ्या शेजारच्या घरी आहे, फुलं इतकी जड की पावसानंतर जमिनीवर लोटांगण घालते, आणि ज्या वर्षी ऑगस्ट कडक जातो त्या वर्षी स्ट्रॉबेरीचा पत्ता नसतो, व्हॅनिला सरळ करपते.

खिडकीखाली, पायवाटेच्या कडेला, टाउनहाउसच्या टीचभर अंगणात: बोबो, अडीच-तीन फूट, फुलं इतकी की पानं दिसत नाहीत. किंवा लिटल लाइम, तीन ते पाच फूट, लाइमलाइटचीच धाकटी. लिटल क्विक फायरही त्याच मापाची. कुंडीत ठेवायची असेल तर बोबोच.

जुन्या जाती पण आहेत, ग्रँडिफ्लोरा, जिला इथले जुने लोक पीजी म्हणतात, आणि टार्डिव्हा जी उशिरा फुलते. जुन्या शेतघरांच्या दारात जे दहा-बारा फुटांचं पांढरं हायड्रेंजियाचं झाड दिसतं ते बहुतेक पीजी असतं. एका बुंध्यावर छत्रीसारखी वाढवलेली, ज्याला ट्री फॉर्म म्हणतात, तीही मिळते, पण ती महाग असते आणि बुंध्याखालून फुटवे येत राहतात ते सतत खुडावे लागतात. पहिलं झाड म्हणून घेऊ नका.

विकत घेताना फुलांकडे बघू नका, खाली बघा. कुंडी जरा तिरकी करून मुळं बघायची. पांढरट मुळं कडेपर्यंत आलेली असली की छान, कुंडीच्या आत गोल-गोल दोरखंड झालेले असतील तर दुसरी उचला. सप्टेंबरात सेल लागतो, तेव्हाची कोमेजलेली दिसणारी रोपंसुद्धा मुळं चांगली असतील तर बिनधास्त घ्या, माझ्या दोन बोबो अशाच अर्ध्या किमतीत आल्यात.

जागा

ऊन पाहिजे. निळ्या हायड्रेंजियाबद्दल ऐकलेलं "सावलीत लावा" इथे विसरायचं. कमीत कमी सहा तास, उत्तरेकडे राहत असाल तर दिवसभर असलं तरी उत्तम. सावलीत झाड जगतं पण फुलं कमी येतात आणि फांद्या लांब-लांब, लुळ्या होतात. अटलांटाकडे किंवा तसल्या गरम भागात मात्र दुपारी दोननंतर सावली मिळाली तर बरं. एक शनिवार घरी असाल तेव्हा दर दोन तासांनी त्या जागेचा फोटो काढा, ऊन किती वाजता येतं आणि जातं ते कळतं, अंदाजाने माणूस नेहमी जास्त धरतो.

पाणी साचतंय का बघायचं. आमच्याकडची माती म्हणजे चिकणमाती, ओली असताना कुंभाराला द्यावी आणि वाळली की हातोडीने फोडावी अशी. फूटभर खोल खड्डा खणून पाण्याने भरा, ते जिरू द्या, परत भरा, आणि दुसऱ्या वेळचं पाणी दुसऱ्या दिवशीही दिसत असेल तर ती जागा नको, किंवा सात-आठ इंच उंच वाफा करून त्यावर लावा. या झाडाला ओलावा आवडतो, डबकं नाही. डाउनस्पाउटच्या, म्हणजे छपराचं पाणी खाली आणणाऱ्या नळीच्या, तोंडाशी तर अजिबात नको.

अंतर: पूर्ण वाढलेल्या रुंदीच्या निम्मं भिंतीपासून सोडायचं आणि वर फूटभर जास्त. लाइमलाइट सात फूट रुंद होते असं धरलं तर भिंतीपासून साडेचार फूट. आत्ता विचित्र दिसेल, मधे ओसाड दिसेल, तिथे झेंडू लावा दोन वर्षं. ओळीने कुंपण करायचं असेल तर दोन लाइमलाइटमधे पाच-सहा फूट, दोन बोबोंमधे अडीच-तीन.

लावणी

अमेरिकेत असाल तर खणायच्या आधी ८११ ला फोन करा. फुकट आहे, ते लोक येऊन गॅस-वीज-केबलच्या लाइनवर रंगाने खुणा करून जातात. थोडे दिवस आधी करावा लागतो, त्यामुळे झाड आणल्यावर नाही, आणायच्या आधी. आमच्या गल्लीत एकाने इंटरनेटची केबल तोडली होती, तीही वर्क फ्रॉम होमच्या काळात, त्यांचं नाव सांगत नाही पण गल्ली विसरलेली नाही.

लावायच्या वेळा दोन. एक म्हणजे मे, कडक थंडी संपल्यावर. दुसरी सप्टेंबर ते फार तर ऑक्टोबरचा मध्य, म्हणजे जमीन गोठायच्या आधी मुळांना किमान सहा आठवडे मिळाले पाहिजेत. मला स्वतःला सप्टेंबर आवडतो, माती गरम असते, ऊन उतरलेलं असतं, पाणी कमी लागतं. जुलैमध्ये लावू शकता पण मग रोज त्याच्यामागे पळायची तयारी ठेवा आणि भारताची तिकिटं काढू नका.

खड्डा रुंद करायचा, खोल नाही. रुंदी मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट, खोली गोळ्याएवढीच. लोक उलटं करतात, अरुंद आणि खोल विहीर खणतात, मग झाड हळूहळू खाली बसतं आणि बुंध्याशी पाणी साचतं. गोळ्याचा वरचा भाग जमिनीच्या लेव्हलला, चिकणमाती असेल तर इंचभर वरच. कुंडीतून काढलं की मुळं हाताने मोकळी करा, गच्च झाली असतील तर सुरीने चारी बाजूंनी उभ्या चिरा मारा. जीव कचरतो पण मारा. नाहीतर मुळं त्याच गोल आकारात फिरत बसतात आणि तीन वर्षांनी झाड हाताने उपटून येतं.

खड्ड्यात काय भरायचं यावर घरोघरी वाद आहेत. मी आधी खड्डा नुसत्या विकतच्या बॅगेतल्या मातीने भरायचे, भुसभुशीत, काळीशार. चिकणमातीत असं केलं की तो खड्डा बादली होतो, पाऊस पडला की सगळं पाणी त्या मऊ मातीत जमतं आणि बाहेर जाता येत नाही. माझं एक झाड असंच सडलं, वर मीच प्रेमाने रोज पाणी घालत होते. आता खणलेली माती फोडून तीच परत भरते, कंपोस्ट थोडंसं मिसळते आणि बाकीचं वर पसरते. चिकणमातीत वाळू मिसळू नका, विटा तयार होतात. खड्ड्यात रासायनिक खतही नको.

अर्धी माती भरली की पाणी ओता, जिरू द्या, मग उरलेली भरा. पायाने थयथय करून दाबायची गरज नाही, पाणीच बसवतं. भोवती आपल्याकडे गुलाबाला करतो तसं आळं करायचं. वर मल्च, म्हणजे लाकडाचा भुगा-ढलप्या किंवा वाळलेला पालापाचोळा, दोन-तीन इंच, पण बुंध्याला टेकू द्यायचा नाही, चार बोटं जागा सोडायची. इथे लोक बुंध्याभोवती मल्चची टेकडी करतात, ते बघून मला कसंतरी होतं. साल कुजते त्याने.

पाणी आणि खत

पहिला उन्हाळा महत्त्वाचा. आठवड्याला साधारण एक इंच पाणी, पाऊस धरून. नव्या झाडाला मी आठवड्यातून दोनदा, एकेक बादली हळूहळू बुंध्याच्या भोवती सोडते, ऊन फार असलं तर तीनदा. रोज पाइपने दोन मिनिटं शिंपडणं म्हणजे मुळांना वरच बसायची सवय लावणं. घालायच्या आधी बोट दोन इंच मातीत खुपसायचं, ओलं लागलं तर परत फिरायचं. एक गंमत सांगते, जुलैच्या दुपारी पानं लोंबलेली दिसली की आपण धावतो पाणी घेऊन. थांबा. संध्याकाळी परत बघा. पानं आपोआप ताठ झाली असतील तर ती नुसती उन्हाने मलूल झालेली होती, सकाळीही लोंबलेली असतील तर खरंच तहान आहे. आणि माती ओली असून लोंबत असतील तर पाणी जास्त झालंय, तिथे अजून घालणं म्हणजे खूनच. फुलांवरून पाणी घालू नका, जड होऊन वाकतात आणि पानांवर डाग येतात.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून पाऊस बेताचा असेल तरी ती सांभाळून घेते, फक्त कळ्या धरताना आणि फुलं असताना कोरडी पडली तर फुलांच्या कडा तपकिरी होतात.

खत कमी. वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये फांद्यांवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुगायला लागले की हळूहळू विरघळणारं समतोल खत, पाकिटावर लिहिलंय तेवढं किंवा त्याहून कमी, आणि वर कंपोस्टचा हात. बास. हिरवळीला घालायचं नत्रवालं खत याच्या मुळाशी गेलं की पानं मोठी, फांद्या पोकळ-लुळ्या आणि फुलं कमी. जुलैनंतर तर काहीच नको, उशिरा फुटलेली कोवळी फांदी थंडीत मरते. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसलं तर ते बहुतेक लोहाचं, आमच्यासारख्या चुनखडीच्या मातीत पीएच जास्त असल्यामुळे लोह मातीत असून झाडाला घेता येत नाही. तेव्हा मातीची टेस्ट करून मग गंधक किंवा चिलेटेड आयर्न, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह.

पहिल्या वर्षी फुलं चार-दोन आली किंवा आलीच नाहीत तर हिरमुसू नका. झाड खाली मुळं करतंय. तिसऱ्या वर्षी खरं रूप दिसतं.

छाटणी

मला सगळ्यात जास्त फोन येतात ते याच कामासाठी, म्हणून जरा निवांत सांगते.

कधी: हिवाळा संपता संपता, डोळे फुटायच्या आधी. आमच्याकडे मार्चचा शेवट ते एप्रिलचा पहिला आठवडा. शरद ऋतूत बाग आवरताना छाटायचा मोह होतो, पण मी छाटत नाही, कारण वाळलेली फुलं बर्फात छान दिसतात आणि फांद्यांची टोकं थंडीत थोडी मरतातच, ती मेलेली मार्चमध्ये एकदाच काढता येतात. लहान झाडावर ओल्या बर्फाने फांद्या मोडतील असं वाटलं तर नुसती फुलं नोव्हेंबरात खुडा. जूनमध्ये मात्र छाटू नका, तेव्हा फांदीच्या टोकाला यंदाच्या कळ्या असतात. एका वर्षी आमच्या लॉनवाल्या माणसाने न विचारता जूनमध्ये हेज ट्रिमर फिरवून सगळं गोल गरगरीत करून दिलं होतं. त्या वर्षी फुलं नाहीत.

कसं: सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, धारदार आणि पुसलेली. आधी मेलेल्या फांद्या मुळाशी काढा, नखाने साल खरवडली की आत हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी आणि कोरडं तर मेलेली. मग एकमेकांवर घासणाऱ्या, आतल्या बाजूला वळलेल्या. मग काडीसारख्या बारीक, पेन्सिलपेक्षा पातळ, ज्यांना फुलाचं ओझं पेलणार नाही. एवढं करून मागे सरका, चहा घ्या, झाड बघा. आता उरलेल्या फांद्यांची उंची साधारण एक तृतीयांश कमी करायची, आणि प्रत्येक काप जाड, भरल्या डोळ्यांच्या जोडीच्या पाव इंच वर. वरून सपाट टेबल करायचं नाही, मधल्या फांद्या जरा उंच, कडेच्या कमी.

किती छाटलं यावर फुलांचा आकार ठरतो. जोरात छाटली, म्हणजे फूट-दीड फूट ठेवून सगळं कापलं, तर फुलं कमी पण मोठी येतात आणि त्या लांब कोवळ्या फांद्या त्यांच्या वजनाने वाकतात. अजिबात नाही छाटली तर झाड मोठं, फुलं पुष्कळ आणि लहान, आणि त्याला काही धाड भरत नाही. म्हणजे हातून चुकलं तरी झाड मरत नाही, फार तर एक वर्ष जरा विचित्र दिसतं. पहिली दोन वर्षं मी फक्त वाळलेली फुलं आणि मेलेलं काढते, जुनं लाकूड जरा जाड होऊ देते, पुढे तोच सांगाडा फुलं पेलतो. नवीन झाड पावसात वाकलं तर घाबरू नका, फांदी हलवून पाणी झटका, फारच झालं तर काठी आणि सुतळी.

आणि एप्रिलमध्ये शेजाऱ्यांची सगळी झाडं हिरवी झाली नि हीच काड्या होऊन उभी असली तर लगेच मेली म्हणू नका. खरवडून बघा.

त्रास देणारे

सगळ्यात मोठा त्रास हरणं. कोवळी टोकं आणि कळ्या चणे-फुटाणे असल्यासारखी खातात. वासाचे स्प्रे मिळतात, दर पावसानंतर परत मारावे लागतात, मी कंटाळते आणि सरळ जाळी लावते, मे ते जुलै, कळ्या उघडेपर्यंत. ससे हिवाळ्यात लहान झाडाची साल आणि फांद्या कुरतडतात, बर्फ साचला की त्यावर उभं राहून वरचंही खातात, म्हणून तारेची गोल जाळी बर्फाच्या उंचीचा विचार करून उंच घ्या. मावा आला तर पाइपच्या जोरदार पाण्याने जातो. जॅपनीज बीटल जुलैमध्ये येतात, सकाळी ते सुस्त असतात तेव्हा साबणाच्या पाण्याच्या भांड्यात झटकायचे, मुलांना हे काम फार आवडतं. ऑगस्टअखेर पानांवर जांभळट कडेचे तपकिरी डाग येतात, ती बुरशी, दिसायला वाईट पण झाड मरत नाही, पडलेली पानं गोळा करून टाका म्हणजे झालं.

कुंडीत ठेवणाऱ्यांसाठी: कुंडी किमान १६-१८ इंच, भोकं हवीतच. कुंडीत मुळांना चारी बाजूंनी थंडी लागते, त्यामुळे जमिनीत सहज जगणारं झाड कुंडीत मरू शकतं. पानं गळाली की हीटर नसलेल्या गॅरेजमधे भिंतीला टेकवून ठेवा आणि महिन्यातून एकदा जेमतेम पाणी. मी एका वर्षी विसरले. तीन महिने.

फुलं

आमच्याकडे ही फुलं नेमकी गणपतीत भरात असतात. लाइमलाइटचे शंकू मखराच्या दोन्ही बाजूंना, मधे केळीची पानं कुठून मिळाली तर ती, असं केलं की थर्मोकोलची आठवण येत नाही. सासूबाईंना आधी पटलं नाही, "वास नाही, कागदाची वाटतात," म्हणाल्या, मग स्वतःच रोज सकाळी दोन तोडून आणायला लागल्या. फक्त लक्षात ठेवा, पानं-फुलं-कळ्या पोटात गेल्या तर विषारी आहेत, माणसालाही आणि कुत्र्या-मांजरालाही. आरास म्हणून ठेवा, नैवेद्याच्या ताटात, मोदकांच्या कडेला अजिबात नको, आणि रांगतं मूल असेल तर फुलदाणी उंचावर.

तोडायची सकाळी, देठ लगेच पाण्यात, खालची पानं काढून. वाळवायची असतील तर घाई नको, ताजी पांढरी फुलं वाळवली की सुरकुततात. सप्टेंबरमधे हात लावून बघा, पाकळी जरा कागदासारखी कुरकुरीत लागली आणि रंग गुलाबीकडे झुकला की तोडा, फुलदाणीत दोन इंच पाणी घालून ठेवा आणि ते पाणी आपोआप आटू द्या. तशीच वाळतात, वर्षभर टिकतात.

एकाची दोन

नव्या जातींपैकी बऱ्याच पेटंटवाल्या असतात, त्यांची कलमं विनापरवाना करता येत नाहीत, लेबलवर लिहिलेलं असतं ते बघा. जुन्या ग्रँडिफ्लोरा, टार्डिव्हाला ती अडचण नाही. जूनमध्ये फूल न आलेल्या कोवळ्या फांदीचा पाच-सहा इंच तुकडा, वरची दोन पानं ठेवून, तीही अर्धी कापून, ओल्या परलाइटमध्ये (कुंड्यांत वापरतात ते हलके पांढरे खडे) खोचायचा आणि वर प्लास्टिकची पिशवी, सावलीत. महिन्याभरात मुळं येतात. पण माझ्यासारख्या आळशी माणसाला दाब कलम बरं: जूनमध्ये बाहेरची एक लवचिक फांदी जमिनीपर्यंत वाकवा, जिथे टेकते तिथे एका पेराखाली थोडी साल खरवडा, चार इंच मातीत गाडा, टोक बाहेर, वर वीट. विसरून जा. पुढच्या एप्रिलमध्ये वीट उचलून हलकेच ओढून बघा, घट्ट धरून बसलेली असेल तर आईपासून कापा आणि मुळांसकट उचला. माझ्या फाटकाजवळची टार्डिव्हा अशीच मैत्रिणीच्या अंगणातून आली, आणि यंदाच्या जूनमध्ये तिच्याही एका फांदीवर मी वीट ठेवलीये, ती न्यू जर्सीच्या नणंदेला कबूल केलेली आहे.